मास्तरांच्या मनगटावरचे वळ

पनवेलमधल्या नोकरीत मी खुनाचे तपास केले, कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या चोरांच्या टोळ्या पकडल्या. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. ही एक घटना मात्र जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की दिवसभर मन लागत नाही.

मे महिन्यातली दुपार होती. मी पोलीस ठाण्यात बंदोबस्ताचे कागद बघत बसलो होतो. जुन्या पनवेलातला एक दुकानदार भेटायला आला. कोकणी मुसलमान, साठीच्या पुढचा, तरुणपण आखातात घालवून परत आलेला. हातातली खजुराची पिशवी टेबलावर ठेवत तो म्हणाला, "साहेब, गैरसमज नको, ही तुमच्यासाठी नाही. आमच्या मास्तरांसाठी नेली होती."

मास्तर म्हणजे त्याला शाळेत गणित शिकवणारे शिक्षक. वय झालेलं, विस्मरणाचा आजार जडलेला. मुलगा परदेशात. त्याने वडिलांना खांदा कॉलनीतल्या एका बंगल्यात, वृद्धांच्या केअर सेंटरमध्ये ठेवलं होतं. हा दुकानदार दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की त्यांना भेटायला जायचा.

"त्यांच्या दोन्ही मनगटांवर वळ आहेत, साहेब. ओठ फाटलेत. मला बघून 'पाणी' म्हणाले. मी ग्लास आणायला उठलो तर तिथं काम करणाऱ्या मुलीनं अडवलं. म्हणाली, चाचा, आता पाणी नका देऊ. माणूस पाणी मागतो आणि द्यायचं नाही? हा कुठला कायदा?"

मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि महिला अंमलदाराला बरोबर घेऊन निघालो. बंगला नीटनेटका होता. मॅनेजर हसतमुख. "सर, आमच्याकडे घरच्यासारखं वातावरण आहे," असं त्याने न विचारता सांगितलं. न विचारता मिळालेली माहिती पोलिसाने बाजूला ठेवावी, असं मला माझ्या वरिष्ठांनी शिकवलं होतं. मी सरळ आतल्या हॉलमध्ये गेलो.

वीसेक खाटा होत्या. मला आधी खटकली ती शांतता. इतकी म्हातारी माणसं एकत्र असली की कोणी खोकतं, कोणी हाका मारतं, कोणी शेजाऱ्याशी भांडतं. इथे सगळे नुसते पडून होते. मग लक्षात आलं, एवढ्या उकाड्यात एकाही खाटेजवळ पाणी नव्हतं. तांब्या-पेले लांब भिंतीशी, उंच फळीवर मांडून ठेवलेले. उठता न येणाऱ्या माणसाचा हात तिथवर कसा पोचणार?

मास्तरांची मनगटं ओढणीने खाटेला बांधून गाठ मारलेली होती. ती मी पंचांसमक्ष सोडवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वर्गात कोणी बोलत नाही ना?"

त्यांना लगेच सरकारी रुग्णालयात हलवलं. इतरांनाही डॉक्टर बोलावून तपासून घेतलं. मास्तरांच्या अंगातलं पाणी फार कमी झालं होतं, पाठीला पडून पडून जखमा झाल्या होत्या. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबांना काही आठवत नाही, ते काहीही बोलतात. प्लीज, केस वगैरे नको." शेवटी सरकारतर्फे फिर्याद दाखल केली.

दुसऱ्या दिवशी पाणी अडवणाऱ्या त्या मुलीला चौकशीला बोलावलं. उरणकडच्या एका कोळी कुटुंबातली, विशी-बाविशीची. महिला अंमलदार शेजारी बसली होती. मुलगी एकच वाक्य घोकत होती, "मी मारलं नाय, साहेब. मी कोनाला मारलं नाय." वळ कसे उठले म्हटलं तरी तेच.

दरडावून मला काही मिळालं नसतं. मी प्रश्न बदलला. विचारलं, "सकाळी कामाला गेलीस की पहिल्यांदा काय करतेस?"

ती थोडी सैल झाली. आधी ओल्या चादरी बदलायच्या. मग अंग पुसायचं, भरवायचं, परत चादरी. दिवसपाळीला ती एकटीच असायची. बोलता बोलता ती मास्तरांपर्यंत आली.

"मास्तर उठून चालाया लागतात. एकदा पडले, तर मॅनेजर माज्यावर वरडले. आदीच्या बाईनं सांगितलं, ओढनीनं बांद, म्हंजी पडायचे नाय. मी बांदलं."

"आणि पाणी?"

तिने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "दुपारनंतर देत नवते. पानी दिलं का गादी ओली व्हते. मी एकटीनं किती जनांचं बगायचं? आदीची बाई पन नवती देत. म्हाताऱ्या मानसाला पानी कमीच लागतं, असं ती बोलायची. मला खरंच वाटलं, साहेब."

एवढ्या वर्षांत मी पुष्कळ खोटं ऐकलं होतं. हे खोटं नव्हतं, म्हणूनच ऐकवत नव्हतं.

मॅनेजरला समोर बसवलं. काम सुरू करण्याआधी हिला काही शिकवलं होतं का, असं विचारलं. आधी त्याने बांधण्याची आपल्याला कल्पनाच नव्हती असं सांगितलं. मास्तरांच्या मनगटांवरची गाठ भर दिवसा दिसत होती, हे दाखवून दिल्यावर तो वैतागून म्हणाला, "सर, ट्रेनिंग दिलं की या मुली खारघरला दुसऱ्या सेंटरमध्ये निघून जातात. मग कशाला द्यायचं?"

त्या एका वाक्यात सगळा तपास आला. मुलगी आणि मॅनेजर, दोघांना अटक झाली. सेंटरच्या चालकावरही गुन्हा दाखल झाला, पण त्याने अटकपूर्व जामीन मिळवला.

अटकेनंतर वैद्यकीय तपासणीसाठी मुलीला त्याच रुग्णालयात न्यावं लागलं. मीही मास्तरांचा जबाब घेता येतो का, हे बघायला तिथे होतो. वॉर्डाच्या दारातून तिला मास्तर दिसले आणि ती थांबली. एक परिचारिका त्यांना पाणी पाजत होती. पाठीशी उशी लावून बसवलेलं, मान किंचित पुढे, चमच्याने एकेक घोट. मग दुसरीला हाक मारून दोघींनी चादरीसकट त्यांना अलगद कुशीवर वळवलं. उठायला गेले तर पडून लागू नये म्हणून खाट खाली केलेली होती. बांधलेलं काहीच नव्हतं.

मुलगी बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एवडंच व्हतं? साहेब, एवडंच व्हतं?" आणि भिंतीला टेकून रडायला लागली. महिला अंमलदाराने तिला सावरलं.

काही दिवसांनी मास्तर गेले. मुलगा विमानाने पोचेपर्यंत दुकानदारानेच सगळी धावपळ केली. स्मशानात तो मला म्हणाला, "साहेब, मास्तर एकेक गणित दहा दहा वेळा समजवायचे. चिडायचे नाहीत. त्यांच्या नशिबी हे यावं?"

दोषारोपपत्र गेल्यावर मी त्या परिचारिकेला विनंती केली आणि परिसरातल्या केअर सेंटरच्या मुलींसाठी एका हॉलमध्ये प्रशिक्षण ठेवलं. उचलायचं कसं, पाजायचं कसं, म्हातारं माणूस हट्टाला पेटलं तर काय करायचं, आणि आपला संयम सुटतोय असं वाटलं तर कोणाला हाक मारायची. चालकांना निरोप दिले होते. बऱ्याच जणांनी 'स्टाफ मोकळा नाही' असं कळवलं. आल्या त्या मुली पुढच्या रांगेत बसून प्रश्नांवर प्रश्न विचारत होत्या.

ती मुलगी तेव्हा जामिनावर होती आणि हजेरीला ठाण्यात यायची. मी तिलाही सांगितलं, "ये तू. शिकून घे."

तिने मान हलवली. "नको साहेब. आता शिकून कोनाला पानी पाजू?"

आरोपीचा हेतू शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. या गुन्ह्यात वाईट हेतू सापडला नाही. सापडलं ते एवढंच की, साधं शिकवण्याचं काम ज्याचं होतं त्याने ते केलं नाही, आणि त्यापायी एक म्हातारा तहानेने झिजला, एका मुलीचं आयुष्य कोर्टाच्या तारखांत अडकलं. ओळखीचे लोक आता आपल्या आईवडिलांसाठी चांगलं सेंटर विचारतात. मी त्यांना सांगतो, बाग आणि खोल्या नंतर बघा. तिथे काम करणाऱ्या मुलीला कोणी, काय शिकवलंय ते आधी विचारा. मास्तरांसाठी हा प्रश्न आम्ही सगळ्यांनी फार उशिरा विचारला.