रिसेट न दाबता

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर तोंडात डोकावून माप घेतात आणि वर नाव कमावतात. पुढचं सगळं काम भाऊजींचं. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल, छोटा बर्नर, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि फळ्यांवर अनोळखी लोकांचे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. मी त्या खोलीत कधी फार वेळ बसले नाही. एवढी तोंडं आणि एकाचाही आवाज नाही, हे मला सोसत नाही. भाऊजींना मात्र तेच मानवायचं. माणूस मुळातच अबोल. बघायला आले तेव्हा इतके गप्प बसले होते की यांचे स्वतःचे दात शाबूत आहेत ना, अशी शंका आमच्या आईला आली होती.

बोलण्याचं खातं ताईकडे होतं. डॉक्टरांच्या माणसांशी तीच हुज्जत घालायची, गिऱ्हाइकांची समजूत तीच काढायची, आणि दुपारची जेवणं उरकली की पुढच्या खोलीत जमिनीवर बसून टीव्हीशीही बोलायची. टीव्हीला तिचा जुना व्हिडिओ गेम जोडलेला असायचा, वरून जाडजूड कॅसेट खोचायचा प्रकार. लहानपणी आम्हाला तो कुणी घेऊन दिला नाही, म्हणून तिनं केस पिकायला लागल्यावर वापरलेला विकत घेतला. खेळायची मात्र एकच कॅसेट, शेतीची. त्यातल्या शेतकरणीला तिनं स्वतःचंच नाव दिलं होतं. पेरायचं, पाणी घालायचं, कोंबड्यांना दाणे टाकायचे, आणि घरात जाऊन झोपलं की एक दिवस संपला. ठरावीक हंगाम पार पडले की खेळही संपतो. घरातलं काम कमी पडतं म्हणून तिथं राबतेस का, असं मी तिला टोचायचे. तिथं केलेलं काम दुसऱ्या दिवशी दिसतं तरी, असं ती म्हणायची.

ताई गेली ती बाजारात जाता जाता, रस्त्यातच. आजारपण नाही, निरोप नाही, काही नाही. आदल्या दुपारी माझ्या शिवणाच्या दुकानात येऊन ब्लाउजच्या बाहीवरून भांडून गेली होती. शेवटचं भांडण आहे हे ठाऊक असतं तर मी हरले असते.

बरेच महिने भाऊजींनी त्या गेमला हात लावला नाही. लावला तेव्हा चित्र अडखळायला लागलं. जुने गेम दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे ते कॅसेट घेऊन गेले, बरोबर मला नेलं, कारण बोलायला कुणीतरी हवं होतं. त्यानं सांगितलं की कॅसेटच्या आत बटणाएवढा सेल असतो आणि खेळणाऱ्यानं जिथपर्यंत मजल मारली ते सगळं त्याच्यावर तगून असतं. हा सेल आता शेवटचे आचके देत होता. मग त्यानं ताईचं शेत त्यातून काढून नखाएवढ्या मेमरी कार्डावर उतरवलं आणि ते कार्ड एका फ्लॅश कॅसेटमध्ये घालून दिलं. दिसायला जुन्या कॅसेटसारखीच, पण पोटात शेकडो खेळ मावतात. भाऊजींनी बाकीचे खेळ पुसायला लावले. जपून ठेवायला शेताची आणखी एक प्रत काढून देऊ का, असं त्यानं विचारलं. यावर भाऊजी त्या दिवसातलं एकमेव वाक्य बोलले.

“नको. ती एकच होती.”

निघताना दुरुस्तीवाल्यानं बजावलं की खेळून झालं की आधी रिसेटचं बटण दाबायचं आणि मगच गेम बंद करायचा. तरच त्या दिवसाचं काम कार्डावर उतरतं. न दाबता बंद केलं, तर खेळलेलं सगळं पाण्यात.

पहिल्याच दिवशी भाऊजी बटण दाबायला विसरले. खेळता त्यांना येत नव्हतंच. निम्मं पीक वाळवलं, एक कोंबडी हरवली आणि वैतागून गेम बंद केला. दुसऱ्या दिवशी लावून बघतात तर कोंबडी जागेवर, पीक हिरवंगार, आणि ताईनं शेवटचं झोपवलेली शेतकरीण नुकतीच दाराबाहेर आलेली. तेव्हापासून त्यांनी रिसेट मुद्दाम दाबलं नाही. रोज ते तिच्या त्या शेवटच्या रात्रीनंतरची सकाळ उघडायचे, थोडं फिरायचे, कुत्र्याला हात लावायचे आणि बंद करायचे. दुसऱ्या दिवशी तीच सकाळ.

आधी मला बरं वाटलं. मग डॉक्टरांचे फोन माझ्याकडे यायला लागले. कवळ्या रखडल्या होत्या, म्हातारीकोतारी माणसं पेजेवर दिवस काढत होती आणि भाऊजी टीव्हीसमोर. मी दातांच्या कण्या केल्या, त्यांच्या धंद्यातली गोष्ट असूनही उपयोग झाला नाही. त्यांना ती सकाळ हवी होती, जशीच्या तशी, आणि दुसरं काही नको होतं.

आणि एके दिवशी ते भर दुपारी माझ्या दुकानात येऊन उभे राहिले. हाताला कामाचं प्लास्टर तसंच लागलेलं. मला म्हणाले, तू आमच्या घरी येऊन गेम लावलास का? माझ्याकडे त्यांच्या घराची किल्ली असते, त्यामुळे संशय माझ्यावर. मी सुई ठेवली आणि त्यांना चांगलं फैलावर घेतलं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले की शेत एक दिवस पुढे गेलंय.

मी त्यांच्याबरोबर गेले. चुकून बटण दाबलं असणार, हे मी वाटेत चारदा ऐकवलं. पण पडद्यावर चुकून होईल असं काही नव्हतं. नवी रोपं लावलेली होती आणि दर ओळीच्या टोकाला एक चौकोन मोकळा सोडलेला होता. चालायला वाट नको का, म्हणून ताई तसा सोडायची. भाऊजी भरगच्च लावतात. कुत्रा घरात, चुलीपाशी होता. रोज झोपण्याआधी त्याला उचलून आत आणणारी तीच. भाऊजींना तो उचलता येतो हेसुद्धा माहीत नव्हतं.

त्यानंतर ते कार्ड काढून शर्टाच्या खिशात घालून हिंडू लागले. कामाच्या टेबलाशी, बाजारात, झोपतानाही. खिशातून काढून परत लावलं की शेत एक दिवस पुढे गेलेलं असायचं. खिशातल्या खिशात कोबी काढून व्हायचा. मी सांगते ते खरं वाटत नसेल तर माझी हरकत नाही, मलाही वाटत नव्हतं. त्या घरात मला पाठ भिंतीला लावून बसावंसं वाटायला लागलं.

भाऊजींना भीती नव्हती. त्यांना राग होता. दिवसागणिक खेळाचा शेवट जवळ येत होता, आणि तो आला की ती सकाळ गेली ती गेलीच. शेवटाला दोनच दिवस राहिले तेव्हा त्यांनी कार्ड मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात टाकून कुलूप लावलं. मग रोज नुसती कॅसेट लावून बघायचे. कार्ड नाही, एवढीच एक ओळ काळ्या पडद्यावर यायची. ते हातात कंट्रोलर धरून ती ओळ वाचत बसायचे.

शेवटी त्यांनाच राहवलं नाही. कार्ड परत घातलं. शेत होतं तिथंच होतं. पुढच्या दिवशीही तिथंच, त्याच्या पुढच्या दिवशीही. रोपं तीच, आणि कुत्रा अंगणात तसाच उभा. जे हवं होतं ते भाऊजींना अखेर मिळालं होतं, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना. मी चहा टाकत होते तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात आले.

“मी तिला अडवलं,” म्हणाले. “ती येत होती गं. मी कपाटात घातलं तिला.”

मला रडू आलं, आणि रागही. इतके महिने मी त्यांची समजूत घालत होते, पण ती माझीही बहीण होती हे आमच्या दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं.

तेव्हापासून त्यांनी गेम बंदच केला नाही. कंट्रोलर गुंडाळून टीव्हीवर ठेवला आणि मागच्या खोलीत कामाला लागले. रखडलेल्या कवळ्या एकेक करून जायला लागल्या. पुढच्या खोलीत पडदा चालू, त्यात संध्याकाळ झालेली, आणि शेतकरीण आमच्याकडे पाठ करून घराच्या दाराशी उभी. मी येता-जाता बघायचे. नको वाटायचं, तरी बघायचे.

काल सकाळी मी डबा घेऊन गेले आणि खोलीत पाऊल टाकलं तर तिचं तोंड माझ्याकडे होतं.

कंट्रोलर टीव्हीवर जसाच्या तसा गुंडाळलेला होता. मी भाऊजींना हाक मारली, तसे ते आले. ओल्या हातांनीच जमिनीवर बसले, मी त्यांच्या शेजारी. मग ते पडद्याकडे बघून अगदी रोजच्या आवाजात बोलले.

“घे आवरून तुझं. मी नाही अडवत आता.”

ती हलली. उरलेल्या ओळींना पाणी घातलं, कोंबड्यांना दाणे टाकले, कुत्र्याला उचललं आणि घरात गेली. पडदा काळा झाला, मग उजळला, आणि नवी तारीख आली. खेळातली शेवटची. भाऊजींनी हात पुढे केला आणि प्रथमच रिसेट दाबलं, मग गेम बंद केला. मी डबा पुढे ठेवला, तो त्यांनीच उघडला.

जेवताना ते म्हणाले, “उद्या दुकान बंद ठेव आणि लवकर ये. या वेळी ती जाणार हे आपल्याला आधी कळलंय.”