शोभेची चूल

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. एकदा भद्रावतीच्या विहारात वंदना संपल्यावर भंतेजींसमोर बसून राहिलो होतो. तोंड उघडलं आणि त्यांच्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे, एवढंच विचारून उठलो. आज तुम्हाला का सांगतोय, ते मलाही धड सांगता यायचं नाही.

मी घरांच्या आतली कामं घेतो. फरशी, छत, किचनचे ओटे. डिप्लोमा झालाय म्हणून लोक ‘इंजिनेर भाऊ’ म्हणतात. मूल गावाच्या पुढे जंगलाला लागून एका लाकूड-व्यापाऱ्याचा जुना बंगला आहे. तो नागपूरच्या एका शेठनं घेतला, वाघ बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. बैठकीतली एक भिंत मधोमध पुढे आलेली होती आणि तिच्यातून धुराडं छपरावर गेलेलं. खालचं तोंड कुणीतरी कधीकाळी विटांनी बुजवून चुना फासलेला. शेठ म्हणाला, हे उघडा, इथं फायरप्लेस करू. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरही गरम हवा फेकतो आणि ह्याला फायरप्लेस! पण पाहुण्यांना फोटो काढायला आवडतं म्हणे. आग नाही पेटवायची. आत चार ओंडके रचायचे, मागे पिवळे दिवे. फक्त शोभेला.

विटा काढल्या तशी घमेलं घमेलं काजळी खाली आली. जुनी घरटी, वटवाघळांची घाण. आणि मागे कमान निघाली — काय सांगू, इतकी देखणी कमान! ती मी स्वतः घासली, सांधे भरले. पाऊस आणि वटवाघळं पुन्हा येऊ नयेत म्हणून छपरावर चढून धुराड्याच्या तोंडावर लादी बसवली, सिमेंटनं लिंपून टाकली. हेही मीच केलं, आणि आता इथं आग पेटवता यायची नाही असं शेठला फोनवर सांगितलं.

बंगल्याचा चौकीदार होता मारोतीभाऊ. त्याची बायको ताराबाई तिथंच स्वयंपाक करायची. काम संपवून मी परत आलो आणि पुढचा हिवाळा लागला. पाहुणे नसलेल्या एका रात्री ताराबाई लेकीकडे मूलला गेली होती. थंडी कडाक्याची. मारोतीभाऊनं सिगडीतले पेटते कोळसे त्या कमानीत ओतले, दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि समोर चटई टाकून झोपला. निखाऱ्याचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही. दिसला असता तर उठला असता. सकाळी ताराबाई आली तेव्हा पांघरूण छातीपर्यंत नीट ओढलेलं होतं म्हणतात.

पोलिसांनी मलाही बोलावलं. हे पेटवायचं नाही असं सांगितलं होतं का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, “मालकाले सांगितलं होतं, साहेब.” खोटं होतं का ते? नव्हतं. म्हणून तर इतक्या सहज बोलता आलं.

मग गावभर झालं — बुढ्यानं शोभेची चूल पेटवली. काही जण हसलेसुद्धा. मी भेटायला गेलो तर ताराबाई भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “येका शब्दानं तुमाले इचारलं असतं त्यानं, भाऊ, तं वाचला असता.”

मी खाली मान घालून बसून राहिलो. तिला वाटलं असेल, दुःखानं.

आता ती दुपार सांगतो. टाळत होतो, कळलं असेल तुम्हाला.

काम संपत आलं होतं. मारोतीभाऊ काळा चहा घेऊन आला, कमानीसमोर उकिडवा बसला. बाकीची माणसं मागे सामान बांधत होती. लहानपणी बापाबरोबर लाकडं टाकायला तो जंगलखात्याच्या साहेबाच्या बंगल्यावर जायचा, तेव्हा खिडकीतून त्यानं अशी आग पाहिली होती. बाहेरूनच. आतून कशी वाटत असेल, हे आयुष्यभर मनात राहिलं म्हणाला. मग कमानीवरून हात फिरवला. “तुमच्या हाताले गुण आहे, भाऊ. हे खरंच पेटन का?”

काय अवघड होतं खरं सांगायला? सांगायचं होतं, नाही बाबा, वरून बंद आहे, नुसता देखावा आहे. पण शेठनं माझ्या कामाकडे मोबाईलमधूनच पाहिलं होतं. हा एकटा माणूस ते खरं समजून पाहत होता. त्याच्यापुढे ते खोटं आहे म्हणायला जीभ वळेना. मला — लाज वाटली? नाही. मोठेपणा हवा होता. मी म्हणालो, “काऊन नाई पेटन, मारोतीभाऊ? एखाद्या थंडीत पेटवून पाहा.”

तो हसला. जाताना खरं सांगू, असं मनात होतं. टेम्पो आला, सामान भरलं, मी निघालो.

मारोतीभाऊ गेल्यावर शेठनं ती कमान पुन्हा बुजवायला मलाच बोलावलं. बुजवली.

मागच्या दिवाळीनंतर मूलच्या स्टँडवर ताराबाई भेटली. आता लेकीकडेच असते. शेजारच्या बाईला माझी ओळख करून देत म्हणाली, “आमचा माणूस लई भोळा होता. कोणाले इचारे नाई काई. आपल्याच मनानं करे.” मारोतीभाऊ? तो तर सगळं विचारायचा. सिमेंट किती दिवसात वाळते, कमान पडत काऊन नाई, माझं लग्न कुठी झालं. जन्मभर ज्याच्यासोबत राहिली तो माणूस तिच्या आठवणीत बदलून गेला होता, आणि तिथं मी बाजूलाच उभा होतो. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, “नाई का हो, भाऊ?”

मी म्हणालो, “हो, बाई.”

एसटी आली. तिची पिशवी मी आत चढवून दिली. खिडकीतून तोंड बाहेर काढून ती म्हणाली, “सुखी राहा, भाऊ.” मी हात हलवत उभा राहिलो.