जहाजाचा पहिला फेरा

आमच्या पाळण्यांच्या कंपनीत जहाज आलं तेव्हा मी अजून साध्या आकाशपाळण्यातही बसले नव्हते. मला उंचीची भीती होती, गर्दीची होती, मालकांची होती, आणि उद्या ही कंपनीच बंद पडली तर भंडाऱ्याकडं कोणत्या तोंडानं परत जायचं, ही भीती तर झोपेतसुद्धा सोडत नसे. सहावीत शाळा सुटलेली. नवरा जहाजाचं इंजिन सांभाळायचा, आणि मी खाली दोरी धरून तिकिटं फाडायचे. एवढं काम मिळालं म्हणून मी रोज मनातल्या मनात मालकांना हात जोडायचे. ते समोर आले की मात्र जोडलेले हात पदराला पुसायचे.

जहाज म्हणजे लोखंडी खांबांना टांगलेली मोठी होडी. एका टोकाला घोड्याचं रंगवलेलं तोंड, दुसऱ्या टोकाला शेपूट. माणसं समोरासमोर बाकांवर बसायची आणि होडी झुल्यासारखी वर वर जायची. शेवटच्या बाकावरची माणसं तर पार आभाळाला टेकल्यासारखी दिसायची.

पहिल्यांदा ते सांगलीत, विश्रामबागेकडच्या एका मोकळ्या मैदानावर उभं केलं. त्याआधी आठवडाभर रिक्षाला कर्णा बांधून आमचा माइकवाला गावभर फिरत होता. जहाज थेट समुद्रावरून आलंय, असं तो सांगायचा. खरं तर ते मिरजेच्या अलीकडं एका वर्कशॉपात जोडलं होतं. मालकांनी आणखी एक युक्ती केली. दारातच मोठ्या अक्षरांत पाटी लावली, की हृदयविकार असणाऱ्यांनी, गरोदर बायांनी आणि भित्र्या माणसांनी बसू नये. मला वाटलं, आता कोण येणार? पण ती पाटी वाचून माणसं घरी जाऊन भावाला घेऊन यायची. सांगलीत कुणाची कवळी पडली, कुणी उतरल्यावर बायकोला ओळखेना, अशा गोष्टी आमच्याआधी पुढच्या गावाला पोचायच्या. त्यांतल्या निम्म्या माइकवाल्यानंच सोडलेल्या असत.

आणि पास. ज्यांच्या सहीवाचून पाळणा उभा राहत नाही आणि ज्यांच्या तारेवाचून दिवे लागत नाहीत, त्यांच्या घरी आधीच पास पोचवायचे. पास असला की रांग नाही, बाजूच्या दोरीनं थेट आत. सांगलीत पासवाले यायचे, बसायचे, उतरायचे. रांगेतली माणसं म्हणायची, हे कुठले जावई आले. थोडी कुरकुर व्हायची आणि विसरून जायची. शहरातली माणसं अशा गोष्टींना सरावलेली असतात.

तिथून आम्ही निघालो ते कराडजवळच्या मलकापूरच्या पुढं एका गावाच्या जत्रेला. सगळीकडं ऊस, आणि उसाच्या मधोमध गाव. ही जत्रा साधली तर पुढं फलटणपर्यंतच्या सगळ्या जत्रा आपल्याच, असं मालक म्हणत होते. म्हणून त्यांनी इथं खास पास छापून घेतले. लाल शाईत, कडेला वेलबुट्टी, आणि वर ‘मानाचा पास’. पंच कमिटीच्या हातात गठ्ठाच दिला.

मैदानाला लागून एक वस्ती होती. सगळी बौद्ध घरं. आम्ही पाळण्यावाल्या बाया जिथं जाऊ तिथं आमची पहिली अडचण अंघोळीची. पुरुष विहिरीवर, कालव्यावर कुठंही पाणी ओतून घेतात. आम्हाला चार भिंती लागतात. मी बादली घेऊन वस्तीच्या कडेला उभी होते, कुणाला विचारावं या विचारात, तर एका म्हातारीनंच विचारलं, बादलीत काय सोनं हाय का, अशी धरून उभी राहिलीस ती? ती मावशी. बालवाडीत मदतनीस होती. तिनं मला तिच्या न्हाणीत नेलं, वर चुलीवरचं गरम पाणी दिलं. दोन दिवसांनी गरम पाणी अंगावर पडलं तेव्हा मला रडूच आलं. बाहेरून ती म्हणाली, साबण डोळ्यात गेला का गं? मी म्हटलं, हो.

आम्हीही त्याच दीक्षेतले, हे दुसऱ्या दिवशी बोलता बोलता निघालं. मग तर तिनं मला भाकरीलाच बसवलं. माझं ‘मले, तुले’ ऐकून तिच्या सुना हसायच्या, आणि त्यांचं ‘लय’ ऐकून मी. जत्रेबद्दल मी विचारलं तर मावशी म्हणाली, देवाशी आमचं काय घेणं न्हाई, पण जत्रंतली भजी आमाला चालत्यात.

तिचे उपकार कसे फेडावेत हे मला कळेना. आम्हा कामगारांनाही मालक एकेक पास द्यायचे. माझा पास मी तिच्यापुढं धरला. म्हटलं, मावशी, रांगेत उभं राहायला नको, उद्या पहिल्या संध्याकाळी थेट या.

तिनं पास उलटसुलट पाहिला. विचारलं, ह्यो आणि कुणाकुणाकडं हाय? मी सांगितलं, कमिटीतल्या सगळ्या मानकऱ्यांकडं.

“मग न्हाई जमत,” ती म्हणाली. “पासानं आले तर त्या सगळ्यांच्या मागं मी. तिथं नंबर ठरल्यालाच हाय. रांगंत कसं, आदी आला त्यो आदी. रांगंला आडनाव नसतंय, पोरी.”

मग तिनं मनातलं सांगितलं. या गावात नळ आला तो वस्तीवर शेवटी. विजेचे खांब आले ते शेवटी. डांबर तर अजून यायचंच होतं. जन्मात एकदा तरी गावात आलेल्या नव्या गोष्टीला आपण पहिला हात लावावा, एवढंच तिच्या मनात होतं. जहाजाचा पहिला फेरा तिला पाहिजे होता, आणि तोही घोड्याच्या तोंडाकडच्या शेवटच्या बाकावर. सांगताना ती हसत होती, पण मला तिच्याबरोबर हसता येईना. कारण मालकांनी मला आधीच बजावलं होतं, की पहिला फेरा मानाच्या पासाचा. मी तिला तसं सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, तू तुझं काम कर, मी माझी रांग धरते.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आतच ती खिडकीवर तिकीट काढून माझ्या दोरीला येऊन टेकली. मागं तिच्या सुना, शेजारणी, आणि मग हळूहळू सगळं गाव. रांग पार उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापर्यंत गेली. तिच्याकडं बघायची माझी हिंमत होईना. मी आपली दोरीची गाठ पुन्हा पुन्हा तपासत होते.

दिवे लागले आणि मानकरी आले. फेटे बांधलेले, हातात लाल पास. पण एकेका पासामागं दहा-दहा माणसं. सून, जावई, पुण्याहून आलेला मेहुणा. मालक हात जोडून म्हणाले, एका पासावर एक माणूस. तर एक फेटेवाले शांतपणे म्हणाले, “आवं मालक, मान घराला असतोय, माणसाला न्हाई.”

एवढ्यावर भागलं असतं तर मावशीचा फेरा त्या क्षणीच गेला असता. पण त्या गावात पाटलांच्या घराण्याच्या दोन पात्या, म्हणजे शाखा होत्या, थोरली आणि धाकटी. पालखीपुढं कुणी चालायचं, नारळ कुणी फोडायचा, सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. जहाजाचं मात्र कुणीच ठरवलं नव्हतं. थोरल्या पातीनं सांगितलं, घोड्याच्या तोंडाकडं आमी, शेपटाकडं धाकटी. धाकट्या पातीतले एक जण जहाजाकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हे माघारी जाताना शेपूट पुढं असतंय, मग तवा तोंड कुठलं? थोरले म्हणाले, रंगवलंय ते तोंड. धाकटे म्हणाले, रंग काय, उद्या आमी तिकडं बैल रंगवतो.

झालं. मालक कधी या पातीपुढं हात जोडत, कधी त्या. ज्या पासावर त्यांनी हौसेनं ‘मानाचा’ असं छापलं होतं, त्यानंच त्यांची मान अडकली. माइकवाला बिचारा कर्ण्यातून ‘मानकऱ्यांचं स्वागत’ असं म्हणतच राहिला. रांगेतून शिट्ट्या सुरू झाल्या. कुणी तरी ओरडलं, पाटील, टॉस करा. इंजिन चालूच होतं, डिझेल जळत होतं, आणि माझा नवरा वरून माझ्याकडं बघत होता, जणू हे सगळं मीच थांबवू शकते.

कमिटीत एक निवृत्त सुभेदार होते. ते पुढं झाले. म्हणाले, भांडण बाजूला ठेवा, मशीन नवीन हाय, आदी एक ट्रायल घेऊन दाखवा, मग कुणी कुठं बसायचं बघू. सियाचीनला राहून आलेला माणूस, पण त्यांचीही नजर सारखी त्या हृदयविकाराच्या पाटीवर जात होती. मालक म्हणाले, रिकामं चालवून काय कळणार, वजन पाहिजे. दुपारी आम्ही वाळूची पोती भरून चालवलंच होतं, पण ती पोती आता खांबांच्या बुडाशी टेकवली होती.

मी कधी मालकांपुढं बोलले नव्हते. त्या वेळी कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, “वजन पाहिजे तर रांगेत माणसं उभी आहेत की.”

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. सुभेदार म्हणाले, बरोबर हाय पोरीचं, बसवा त्यास्नी. थोरल्या आणि धाकट्या दोन्ही पात्यांना हे एकदम पटलं. त्या संध्याकाळी त्यांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट.

मी दोरी सोडायला वळले आणि मग माझ्या ध्यानात आलं, मी काय बोलून बसले. जिनं मला न्हाणी दिली तिला मी वाळूच्या पोत्याच्या जागी बसवत होते. मावशीनं सगळं ऐकलं होतं. तिची सून पुटपुटली, आत्याबाई, चला माघारी, आपण काय वजनाला आलोय व्हय?

मावशीनं पदर खोचला. “पोतं म्हना न्हाईतर पाटलीन म्हना. पयली बसते का न्हाई मी?”

ती पुढं आली आणि तिकीट माझ्यापुढं धरलं. मालकांनी लांबूनच खूण केली, ट्रायल आहे, तिकीट नको, तशीच सोड. मी तिकीट परत केलं. तिनं ते घेतलंच नाही.

“तिकीट फाड,” ती म्हणाली. “तिकीट फाडलं की फेरा. न्हाई फाडलं तर नुसती ट्रायल.”

मालक बघत होते. फेटे बघत होते. मी तिकीट फाडलं, ते मधोमध न फाटता तिरकं फाटलं. मोठा तुकडा मी तिच्या हातात दिला. मग सुनेचं फाडलं, मग शेजारणींची, एकेक करून सगळ्यांची. तिकिटांचे पैसे पेटीत पडले होते, आणि आलेल्या पैशाशी मालक कधी भांडत नसत.

मावशी घोड्याच्या तोंडाकडच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली. नवऱ्यानं दांडा ओढला. जहाज आधी आळसावल्यासारखं हललं, मग झुललं, मग चांगलंच वर गेलं. बायकांची किंकाळी उठली, तिच्यात निम्मं हसू होतं. मी खालून फक्त मावशीकडं बघत होते. ती दांडीला दोन्ही हातांनी मिठी मारून बसली होती आणि तिचे डोळे गच्च मिटलेले होते. पहिल्या झोक्याला मिटले ते जहाज थांबेपर्यंत तिनं उघडले नाहीत.

ती उतरली तेव्हा केस सुटलेले, पदर भलतीकडं, पण मान एकदम ताठ. सुभेदारांनी विचारलं, कसं हाय? ती म्हणाली, बसा की, भ्याचं काय न्हाई. माइकवाल्यानं तेवढ्यात कर्ण्यात सांगून टाकलं, की पहिला फेरा यशस्वी झालेला आहे, दुसऱ्या फेऱ्यासाठी मानकऱ्यांनी यावं. ‘दुसऱ्या’ म्हटल्यावर मालकांनी कपाळाला हात लावला. दोन्ही पात्या एकमेकींकडं बघायला लागल्या. दुसऱ्या फेऱ्याला पुढं बसायची आता कुणालाच घाई नव्हती. धाकट्या पातीच्या बायका तर कंटाळून खिडकीवर गेल्या आणि तिकिटं काढून सरळ रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

त्यांच्यामागं, गुऱ्हाळाला वळसा घालून माझ्या दोरीजवळ परत आलेल्या रांगेच्या शेवटाला, मावशी पुन्हा उभी होती. दुसरं तिकीट काढून. तिच्या पुढच्या पाटलीणबाईंनी वळून विचारलं, “का गं, वरनं काय दिसतंय?”

मावशी सांगायला लागली. कारखान्याची चिमणी दिसती, धूर पार घाटाकडं चाललेला दिसतो. नदी दिसती, पुलावरचे दिवे दिसत्यात. कराडला कोण कुठं चाललंय, तेबी वळखू येतंय. पाटलीणबाई ऐकत होत्या, त्यांच्या सुना ऐकत होत्या, रांग पुढं सरकली तरी कुणाला भान नव्हतं. मी दोरीशी उभी राहून ऐकत होते, आणि डोळे मिटलेले मी स्वतः पाहिलेले असूनही, आयुष्यात पहिल्यांदा मला त्या जहाजात बसावंसं वाटलं.