खांड कोणी भरली

बंदरावर ट्रेलरची रांग लागली की दोन-तीन तास हलायचं नाव नसतं. बाकीचे ड्रायव्हर झोप काढतात, मी गेल्या वर्षापासून मोबाईलवर लिहायला लागलो. लिहिणार काय, तर आमचं मिठागर. आता तिथे गोदामं उभी आहेत. माझ्या मुलीला मीठ पिशवीतून येतं एवढंच माहीत. म्हणून लिहीत गेलो आणि घरच्या ग्रुपवर टाकत गेलो.

एकदा खांडीची गोष्ट लिहिली. भरतीच्या जोरानं बांध फुटला की त्याला आमच्याकडे खांड पडली म्हणतात. मी चार वर्षांचा असताना, उधाणाच्या दुपारी, आमच्या वाट्याच्या बांधाला खांड पडली. वडिलांनी, म्हणजे आबांनी, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून चिखल आणि पेंढा दाबून ती बुजवली आणि सगळ्यांचं तयार मीठ वाचलं. वडील जाऊन सहा वर्षं झाली, तरी गावात ही गोष्ट अजून सांगतात. मला तर ती डोळ्यांसमोर दिसायची. त्यांचा चिखलानं माखलेला सदरा, दातांत धरलेला पेंढा. तसंच लिहिलं. चुलत भावांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली.

संध्याकाळी घरी आलो तर आत्याचा निरोप आला होता, तिच्याच आवाजात. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिला वाचता येत नाही, सून वाचून दाखवते.

"पोरा, चांगला लिवलंस. पन तुझा बाप तवा बांधावर नव्हताच. खांड तुझे आईनं भरली. मी नुसती चिखल देत व्हते. इचार तिला."

आई समोरच जवळा निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं. मी बघत राहिलो तशी म्हणाली, "इतकी वर्सं गप व्हती, आताच कंठ फुटला तिला."

"मग आबा कुठे होते?"

"तुला घेऊन गेलेले. ताप चढलेला, डोले फिरवलेस तू. खांद्यावर टाकला न् चालत उरनला गेले, डाक्टरकडं."

जे डोळ्यांसमोर दिसत होतं ते मी पाहिलंच नव्हतं. ऐकून ऐकून माझ्यात रुजलेलं होतं.

"आणि लोकांना तूच सांगितलंस, त्यांनी भरली म्हणून?"

"मंग काय सांगू? बांधावर नजर ठेवायची पाली त्या दिशी त्यांची. पोर आजारी असला तरी लोक बोललेच असते, बांध टाकून गेला म्हनून. मी सांगितला, खांड बुजवली न् मंग गेले."

कोणी ही गोष्ट काढली की वडील उठून पाणी प्यायला जायचे. आम्हाला वाटायचं, स्वतःची स्तुती आवडत नाही त्यांना.

"एकदा म्हनाले, खरा सांगून टाकू," आई म्हणाली. "मी म्हटला, तुमी पोर वाचवलात, मी मीठ वाचवला. झाला की."

"मी लिहू हे?"

तिनं जवळ्यातला कचरा वेचून बाजूला टाकला. "लिव. पन आधी आत्याचा लिव. चिखल देत व्हते म्हनते, पन छातीपर्यंत पान्यात व्हती ती. नि तिला पोहता येत नाय."

पुढच्या खेपेला रांगेत बसून सगळं पुन्हा लिहिलं. रविवारी आत्याला रिक्षानं घरी आणलं आणि दोघींना वाचून दाखवलं. चार ओळी झाल्या नसतील, दोघी भांडायला लागल्या. पेंढा कमी पडला तेव्हा आईनं डोक्यावरचा टॉवेल चिखलात कोंबला की आत्यानं आपली ओढणी, यावर अर्धा तास गेला. दोन्ही लिहा म्हणून मुलीनं भांडण मिटवलं. मी इतकं हसणारी आई कधी पाहिली नव्हती.

ग्रुपवर टाकल्यावर थोरल्या चुलत भावाचा फोन आला. "काकांचा मान कमी केलास तू."

मी म्हटलं, "दादा, गावापासून उरणपर्यंत चार वर्षांचं पोर खांद्यावर घेऊन, भर उन्हात. तो भाग परत वाच."

तो हळूच म्हणाला, "तुझ्या आईला फोन दे." दोघं काय बोलले ते मी विचारलं नाही. फोन ठेवल्यावर आईनं पदरानं डोळे पुसले आणि चहा टाकला.

वडिलांचे आभार मानायचे राहून गेले. या दोघींचे मानता येतात, म्हणून आता दर रविवारी आत्याला आणतो. दोघी बोलतात, मी लिहितो. किती काही विचारायचं राहिलं होतं, ते आता कळतं. परवा आईला विचारलं, "त्या दिवशी डॉक्टरनं मला औषध काय दिलं होतं गं?"

"लाल पानी, बाटलीत. तू बरा झालास तशी बाटली धुतली न् खोबरेल भरला तिच्यात. बरीच वर्सं पुरली ती बाटली."