मैनेची म्हणून दिलेली लीद
हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, फादरसमोर कुमसाराला गुडघे टेकले तेव्हाही नाही. तिथं मी दुसरीच, सोयीची पापं सांगून आलो. माझे बाबा पलीकडच्या खोलीत झोपलेत, आणि हे लिहितानाही मी दार लोटून घेतलंय — एवढीच माझी हिंमत.

राजोडीच्या किनाऱ्यावर आमची घोडी होती, मैना. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या पोरांना पाठीवर घेऊन फेऱ्या मारायची. होडी विकल्यावर बाबांनी सगळा जीव तिलाच लावला. रोज स्वतःच्या हातानं भिजवलेले चणे भरवायचे.

मग तिला हगवण लागली. थांबेचना. शेपटी कायम बरबटलेली, बरगड्या दिसायला लागल्या. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, पोटात जंत असतील, ताजी लीद आणून द्या, तपासून औषध ठरवू. जंताचं औषध मी तिला वर्षभर दिलंच नव्हतं. बाबांना मात्र दिलं म्हणून सांगायचो. आळस — दुसरं काय?

त्यात नाताळ तोंडावर. जंत निघाले असते तर आपल्या घोड्यांना लागतील म्हणून बाकीच्या घोडेवाल्यांनी तिला किनाऱ्यावर फेऱ्यांच्या रांगेत उभं राहू दिलं नसतं, आणि रांगेतली जागा एकदा गेली की गेली. मग मी काय केलं? शेजारच्या धडधाकट घोड्याची लीद पिशवीत भरली आणि मैनेची म्हणून देऊन आलो.

जंत निघाले नाहीत. कसे निघतील? डॉक्टरांनी मग खाण्यावर बोट ठेवलं, चणे बंद करा म्हणाले. बाबा शेजारीच उभे होते. मी नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं, पण नाही — मी वर म्हणालो, कितीदा सांगितलं यांना, ऐकतच नाहीत.

नाताळभर मैना रांगेत होती. फेऱ्याही मारल्या तिनं — मारायला लावल्या मी. जानेवारीत एका सकाळी बसली, ती उठलीच नाही.

तिला पुरून आल्यावर बाबा माझ्यापुढं येऊन उभे राहिले. आयुष्यभर समुद्राला न घाबरलेला माणूस, हात जोडून.

"चने मीच घातले रं तिला. माझ्याच हातानं गेली ती."

तेव्हा तरी बोलायला नको होतं? अगदी ओठांवर आलं होतं — छे, खोटं कशाला, आलंच नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे, बाबा," मी म्हणालो. "मी माफ केलं तुला."