उरलेलं उठल्यावर सांगा

भूल द्यायच्या आधी डॉक्टर पेशंटच्या उशाशी वाकायचे आणि म्हणायचे, "काहीतरी आवडीचं सांगा बघू." पेशंट बिचारा कुत्र्याबद्दल, सुट्टीत फिरायच्या कॅराव्हॅनबद्दल, नातीच्या लग्नाबद्दल सांगायला लागायचा. तो ऐन रंगात आला की डॉक्टर हळूच नळीत ते दुधासारखं पांढरं औषध सोडायचे. वाक्य अर्ध्यावर आणि डोळे मिटलेले! मग त्याच्या कानाशी लागून म्हणायचे, "छान. उरलेलं उठल्यावर सांगा."

नुसतं म्हणायचे असंही नाही. संध्याकाळी खरोखरच वॉर्डात जाऊन, खुर्ची ओढून, उरलेली गोष्ट ऐकायचे. मी मिरजेची, केंब्रिजमधल्या हॉस्पिटलात अठरा वर्षं त्यांच्या हाताखाली नर्स होते. एकदा न राहवून विचारलं, "सर, हे कशासाठी?"

"गोष्ट अर्धी राहिली ना, की माणूस ती पुरी करायला परत येतो."

"ही अंधश्रद्धा झाली, सर."

"अंधश्रद्धा नाही गं, प्रोटोकॉल आहे."

या प्रोटोकॉलातून एकच गोष्ट निसटली. एक म्हातारा शेतकरी बायपाससाठी आला होता. त्याच्याकडे ट्रॅक्टरमागे ओढायचा जुना कंबाइन हार्वेस्टर होता. कापणी आणि मळणी एकदम करणारं ते धूड. त्याच्या वडिलांनी त्यावर आपल्या बायकोचं नाव रंगवलं होतं, डोरिस. "एकदा ऐन कापणीत डोरिस शेताच्या मधोमध बंद पडली. मी झाकण उघडलं, आणि आत काय होतं सांगू..." एवढ्यात आजोबा झोपले. ऑपरेशन उत्तम झालं, पण त्याच रात्री डॉक्टरांना फ्लू झाला. ते कामावर परत आले तोवर आजोबा घरी गेलेले.

ही रुखरुख त्यांना वर्षानुवर्षं पुरली. कॉफी पिता पिता मध्येच विचारायचे, "काय असेल गं आत?" मी म्हणायची ससा. सर्जन म्हणायचे कुणाची तरी पँट. डॉक्टरांचं कशानंच समाधान व्हायचं नाही.

ते रिटायर झाल्यावर एका शनिवारी त्यांचा फोन आला. "अगं, डोरिस सापडली!" मागून काकूंचा आवाज, "चाळीस वर्षं संसार केला, आता या वयात ही डोरिस कोण?" स्थानिक पेपरात शेतावरच्या जुन्या सामानाच्या विक्रीची जाहिरात होती. फोटोत गंजलेल्या पत्र्यावर ते नाव दिसत होतं. यांना फक्त गोष्ट ऐकायची होती. गाडी चालवायला मला बरोबर घेतलं.

आजोबा काठी टेकून अंगणात बसले होते. शेत विकून लेकीच्या बंगल्यात राहायला निघाले होते. त्यांनी डॉक्टरांना लगेच ओळखलं. पण गोष्ट? "शुक्रवारी भंगारवाला येतोय, तिचे तुकडे करणार आहे," डोळे पुसत ते म्हणाले. "तिला घेऊन जा, डॉक्टर. ती लॉरीवर चढली की सांगतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हणत होते. त्यांनी डोरिस घेतली.

गुरुवारी मोठा लो-लोडर, म्हणजे अवजड यंत्रं न्यायची बुटक्या पाठीची लॉरी, आला. रुंद माल म्हणून पोलिसांना आधीच कळवून ठेवलं होतं. आमच्या सरांनी तर आयसीयूतला पेशंट हलवावा तशी तयारी केली होती. आजोबांना प्रश्न विचारून डोरिसची सगळी हिस्टरी लिहून घेतली. शेवटची कधी चालली, तेल कुठून गळतं, कुठे हात लावलेला खपत नाही. कापणीचं पातं असलेला लांबलचक भाग एका बाजूला बाहेर आलेला, कुशीवर झोपून हात पसरलेल्या माणसासारखा. तो त्यांनी स्वतः ब्लँकेटात गुंडाळला. मी ड्रायव्हरबरोबर पट्टे आणायला गेले, परत येऊन बघते तर दोघं म्हातारे एकमेकांचे खांदे धरून हसताहेत. डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय होतं, सर? सांगा ना!"

"तुला? माझं ऑपरेशन होईल तेव्हा."

ते लॉरीत ड्रायव्हरशेजारी बसले, मी गाडीतून मागे. दर दहा मैलांवर रस्त्याकडेच्या थांब्यात लॉरी थांबवून ते उतरायचे आणि डोरिसच्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहायचे. ड्रायव्हरने मला हळूच विचारलं, "ही बरी आहे ना? आणि हे?" आमच्या मागे गाड्यांची रांग लागली होती आणि एकाने आम्हांला उद्देशून बोटानेच काय ते सांगितलं.

तर अशी सगळी काळजी घेऊन आम्ही डोरिसला ठेवायचं ठरलं होतं त्या, ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेडपाशी पोचलो. शेड छतापर्यंत गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेली. आम्ही आज येतोय हे त्याला कळवायचंच राहिलं होतं! बेड मिळाल्याशिवाय पेशंट हलवायचा नाही, यावरून आमच्या याच सरांनी तीस वर्षं ज्युनियर्सना फैलावर घेतलं होतं. डोरिसने मग दोन आठवडे डॉक्टरांच्या दारात मुक्काम ठोकला आणि काकूंनी तिच्यावर चक्क पायपुसणी वाळत घातली.

पुढच्या जानेवारीत डॉक्टरांच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. मी ड्यूटी बदलून घेतली. भूल देणारी पोरगी त्यांचीच विद्यार्थिनी. म्हणाली, "सर, काहीतरी आवडीचं सांगा." त्यांनी माझ्याकडे बघत सुरू केलं, "तर आजोबांनी झाकण उघडलं, आणि आत..." आणि हसत झोपले. मी वाकून म्हटलं, "सर, उरलेलं उठल्यावर."

ते उठले. संध्याकाळी मी धावत गेले, तर म्हणतात कसे, "आत्ताच सांगितलं तर पुढच्या वेळी काय करू?"

मे महिन्यात एका दुपारी चहा पिऊन ते बागेतल्या खुर्चीत टेकले. झोप लागली, ती कायमचीच. त्या झोपेआधी त्यांना कुणी काही सांगायला लावलं नव्हतं. मला याचंच फार वाईट वाटतं.

ऑगस्टमध्ये शेडवाल्याने डोरिस ट्रॅक्टरला जोडली आणि एक शेत कापलं. केवढा तिचा खडखडाट! काकू आल्या होत्या, आजोबाही आले होते. ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "डॉक्टरांनी तुला सांगितलं असेलच, आत काय होतं ते."

"नाही," मी म्हटलं.

"अरेच्चा! अगं, आत तर..."

मी घाईघाईने त्यांचा हात धरला. "नको, आजोबा. सांगू नका. ती गोष्ट डॉक्टरांनी मला सांगायची आहे."

आम्ही तिघं बांधावर उभे राहून बघत होतो. डोरिस शेताच्या मधोमध पोचली, आणि न थांबता पुढे गेली.