शेवटच्या खेपेचा उतारू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. ज्या देवाची उभा जन्म पूजा केली त्यालाही तोंडाने नाही — त्याला सांगायची गरज नव्हती म्हणा, त्याच्या अंगावरच तर मी ते केलं. तुमची माझी ओळख नाही, म्हणून आज जमेल असं वाटतंय. मध्येच मी इकडचं तिकडचं बोलायला लागलो तर समजा, की गुरवाला अजून धीर होत नाहीये.

हो, मी गुरव. मालवणापलीकडे, खाडीच्या काठी आमचं गाव. रवळनाथाची पूजा आमच्या घराकडे, आणि पूजेबरोबर कौल लावायचं कामही. कौल म्हणजे — आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण तुम्हाला सांगतो. देवाच्या पाषाणाला दोन पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला मोठ्याने विनवायचं, प्रश्न विचारायचा, आणि बघत राहायचं. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. लग्न, घर, विहीर, भावाभावांचं भांडण — आमच्या गावात माणसं वकिलाकडे नंतर जातात, आधी या दोन पाकळ्यांकडे येतात. आणि पाकळी चिकटवणारी बोटं कुणाची? ते कुणी बघत नाही. बघायचं नसतं.

गोवा मोकळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून सगळं माझ्यावर आलेलं. वय अठ्ठावीस, अंगात मस्ती, आणि डोक्यात एकच वेड — हुतूतू. आणि हुतूतू म्हणजे आमचा सदा.

सदा आमच्या वाडीतला, सावंतवाडीच्या कॉलेजात शिकणारा. गावातला कॉलेजात गेलेला पहिलाच पोरगा, तोही अभ्यासाच्या नव्हे तर मांड्यांच्या जोरावर. तो चढाईला निघाला की मैदानाच्या कडेने उभी माणसं स्वतःचा श्वास धरायची. त्याचा दम लांब होता, आणि त्याला एक खालचा घुमणारा सूर होता, शंखात वारा शिरावा तसा. आम्ही त्याच्यापायी खुळावलो होतो. सावंतवाडीला, कुडाळला, जिथे सामना असेल तिथे जायचो. तो मुंबईच्या संघात जाणार, त्याच्या मागे आमच्या गावाचं नाव जाणार — गावाजवळ दुसरं होतंच काय नावाला?

त्या वर्षी दिवाळीनंतर मालवणात सामने झाले. शेवटच्या सामन्यात, शेवटच्या चढाईत, पंचाने सदाला बाद दिला. दम तुटला, म्हणून. पंच होते नाईक मास्तर. शाळेत कवायत शिकवायचे, शिस्तीचे, बारीक कानाचे. सगळ्या मैदानाने ओरडून सांगितलं, दम तुटला नाही. मास्तर म्हणाले, तुटला. आम्ही हरलो.

चार दिवसांनी, तिन्हीसांजेच्या वेळी, मास्तर मालवणात एकटे घरी चालले होते. माडांच्या बागेतून वाट. कुणीतरी मागून त्यांच्या डोक्यावर कांबळं टाकलं आणि मारायला सुरुवात केली. उजव्या कानावर असे दोन तडाखे बसले की तो कान कायमचा गेला. मास्तरांनी तोंड पाहिलं नाही. पण फौजदारापुढे त्यांनी एक सांगितलं — मारणारा सगळा वेळ, पहिल्या तडाख्यापासून शेवटच्यापर्यंत, हळू आवाजात हुतूतू म्हणत होता. एका दमात. न तुटता.

सदाला पकडला.

आमच्या घाटावर — घाट म्हणजे होडी लागते तो धक्का — एक चहाचं हॉटेल होतं. तिथे आमचं कोर्ट बसलं. कलमं कुणाला ठाऊक होती? पण बोलायला प्रत्येकजण बॅरिस्टर! श्वासावरून माणूस ओळखता येतो काय? कायद्यात बसतं काय? 'दम काय एकट्या सद्याचोच आसता?' एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, 'कोर्टात धा पोरांका उभी करा, आणि मास्तराक वळखूक सांगा.' आणि मग गंमत म्हणून, खरंच सांगतो, गंमत म्हणून आम्ही सातजण तिथे बाकावर बसून एकेक करून हुतूतू घुमवायला लागलो. कुणाचा सदासारखा येतो बघायला. बाहेर उजेड उतरत होता. सातही आवाज एकात मिसळले आणि एका क्षणाला मला वाटलं, यात एक आवाज जास्त आहे. हॉटेलवाला चुलीपासून ओरडला, 'गप रवा रे! तिन्हीसांजेक असला काय करतास?' कुणी हसलं नाही.

मालवणच्या वकिलाने सांगितलं ते मात्र सरळ होतं. आवाजावर वाद घालत बसू नका. सदा त्या दिवशी खाडीच्या अलीकडे, गावातच होता, हे दाखवा. जत्रेची तयारी चालली होती, चौघे दोस्त शपथेवर सांगायला तयार झाले की तो आमच्याबरोबर देवळात झावळ्यांचा मांडव घालत होता. एकच अडचण. मालवणाहून गावात यायचं तर वाट एकच, भिवा तारीची, म्हणजे नावाड्याची, होडी. खाडीला वळसा घालून यायला अर्धा दिवस लागायचा. म्हणजे सगळा खटला भिवाच्या जिभेवर येऊन बसला.

आणि भिवाने सदाला आणलं होतं.

भिवाकाका पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. खोटं बोलणं त्याला जमायचं नाही. जमत नाही म्हणजे अक्षरशः जमायचं नाही, जीभ अडकायची. तो म्हणाला, 'शेवटच्या खेपेक तो बसलो माझ्या होडयेत.' पोरांनी त्याला घेरलं. तोंड दिसलं का? नाही, उजेड गेला होता, कांबळं पांघरलेलं. बोलला का? नाही, एक शब्द नाही. मग कशावरून सदा? रोज त्या पाण्यावर वावरणारा माणूस, तो अंगलटीवरून माणूस ओळखतो — पण हे वकिलाच्या भाषेत कसं मांडायचं? शेवटी तो म्हणाला, 'देवाक विचारया. देव म्हणालो सदा हयच होतो, तर माझे डोळे खोटे.'

आता इथे मी थांबलो तर बरं दिसेल. म्हणजे तुम्हाला वाटेल, पोरांनी गुरवाला धमकावलं असेल, काहीतरी देऊ केलं असेल. नाही हो. मला कुणी शब्दानेही सांगितलं नव्हतं. पोरांना तर खात्री होती की देवच सदाला सोडवणार. त्यांच्यापैकी कुणालाच खरं माहीत नव्हतं, चौघे दोस्तसुद्धा आपणच दिवस विसरलो असू असं मनाला समजावून तयार झाले होते. खरं मला माहीत होतं. त्या सांजेला होडीतून उतरून सदा सरळ देवळात आला होता. मी समई लावत होतो. तो तळीवर हात धुऊन पायरीवर बसला, कांबळं बाजूला ठेवलं, आणि सहज, जेवून आल्यासारखं म्हणाला, 'मास्तराक माझो दम दाखवून इलंय.'

मी काय म्हणालो? मी विचारलं, 'तुटलो नाय मा?' आणि आम्ही दोघं हसलो.

कौलाला अर्धा गाव जमला. मी सोवळं नेसलो, पाषाणावर पाणी घातलं. उजवी पाकळी नुसत्या पाण्यात बुडवून टेकवली. डावी गंधात बुडवली, आणि अंगठ्याने दाबली. एवढंच. डोळ्याचं पातं लवेपर्यंतचं काम. मग गाऱ्हाणं घातलं — आवाज जरासुद्धा कापला नाही — आणि विचारलं, त्या सांजेला सदा या काठावर होता का? उजवी पाकळी पडली. कुंपणानेच शेत खाल्लं. भिवाकाकाने डोळे मिटून कपाळ जमिनीला टेकवलं. उठला तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झालेला नव्हता. मी ते पाहिलं होतं. तेव्हाच पाहिलं होतं.

कोर्टात भिवाकाकाने शपथेवर सांगितलं की सदा त्याच्या होडीत नव्हता. जीभ अडकली नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता, देव बोलला तेच बोलत होता. सरकारी वकिलाने विचारलं, शेवटच्या खेपेला उतारूच नव्हता का? तो म्हणाला, 'उतारू होतो. सदा नव्हतो.' मग कोण होता? भिवाकाका खांब होऊन उभा राहिला. सदा सुटला. आम्ही त्याला खांद्यावरून मिरवत आणला, आणि खाडीपाशी आल्यावर भिवाकाकाच आम्हाला होडीने इकडे घेऊन आला.

उतरताना त्याने माझा हात धरला. 'बाळा, मगे मिया हाडलंय तो कोण?' मग मी आणला तो कोण?

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कौल चुकला असेल. किंवा, असेल कुणी परगावचा. पण भिवाकाकाच्या डोक्यात दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या — त्याने पाहिलं होतं ते सदाचंच अंग, आणि देव म्हणाला सदा नव्हता. दोन्ही खरं असायचं तर काय उरतं? सदाचं रूप घेतलेलं काहीतरी. दुसरं काही उरतच नाही! मी त्याला असं कोंडलं होतं, आणि बाहेर यायचं दार माझ्या अंगठ्याखाली होतं.

महिन्याभरात त्याला आठवायला लागलं. तो उतारू बसला तेव्हा होडी हलली नव्हती. त्याच्या कांबळ्याला खाडीचा नाही, जुन्या विहिरीचा वास होता. उतरल्यावर वाळूत पाऊल उमटलं नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता हो, त्याला खरंच आठवत होतं. मग त्याने सांजेची खेप बंद केली. काठावरून कुणी हाक मारली तरी उजेड उतरला की तो होडी सोडायचा नाही, कारण म्हणे पाण्यावरून दम ऐकू येतो. गावाने त्या उतारूच्या नावाने घाटावर वडाखाली एक दगड मांडला. तिथे नारळ द्यायला लागले, विडी ठेवायला लागले. पूजा कोण करणार? मीच की.

नाईक मास्तर एकदा आले होते. चांगला कान माझ्याकडे वळवून, शुद्ध भाषेत, त्यांनी विचारलं, 'कौल लागला म्हणजे मीच चुकीचं ऐकलं असणार, नाही का?' मी मान हलवली. ते नारळ ठेवून सदाच्या आईची क्षमा मागायला गेले.

आणि आता मुख्य. हो, अजून मुख्य यायचंच आहे. पहिल्या कौलाला मी काहीबाही नावं देतो — वय, सदाचं वेड, गावाचा अभिमान. दुसऱ्याला काय देऊ? वर्षभराने भिवाकाका एकटा देवळात आला. हाडं वर आलेली. त्याला देवाला विचारायचं होतं, की मी आणला तो माणूस होता की नाही? बस, तेवढंच. माणूस होता असं कळलं तरी तो सुटणार होता. मग पुढचं त्याने मला कदाचित विचारलंही नसतं. मी पाकळ्या हातात घेतल्या. दोन्ही पाण्यात बुडवून लावल्या असत्या तरी पुरे होतं, देवावर सोडता आलं असतं. पण माणूस होता असा कौल आला, तर गाव म्हणेल — कोण माणूस? आणि तिथून माझ्यापर्यंत यायला किती वेळ? मी गंध लावलं. माणूस नव्हता, असा कौल दिला.

तो उलटा चालत देवळाबाहेर गेला, देवाला पाठ दाखवायची नाही म्हणून.

त्यानंतर होडी उपडी पडली ती पडलीच. सदा मुंबईला नोकरीला लागला, खेळ सुटला. सुट्टीत आला आणि घाटावर दिसला, की भिवाकाका माडाआड लपायचा. सदाला त्याची मजा वाटायची. मी हसायचो नाही — पण बोलायचोही नाही. आणि एक सांगू? मलाही सांजेला घाटावर जायचं भय वाटायला लागलं. माझ्याच बोटांनी केलेलं ते, तिथे काही नाही हे सगळ्या गावात मला एकट्याला ठाऊक, आणि तरी वडाखाली नारळ ठेवताना मला मागे पाहवत नसे. एकदा पाण्यावरून ऐकूही आलं, खालच्या सुरात. वारा असेल. भिवाकाकालाही मी तेच सांगू शकलो असतो.

भिवाकाकाच्या बायकोने एका दुपारी बोलावणं पाठवलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. आठ दिवस पोटात पेज नव्हती. मला पाहून त्याने खूण करून जवळ घेतलं. 'तो दारात उभो आसा रे बाळा. तेका सांग, माका न्हेव नको म्हणान.' मी दाराकडे पाहिलं. बाहेर रखरखीत ऊन, कोंबड्या, वाळत घातलेली जाळी. त्याची बायको चुलीपाशी गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. चार शब्दांचं काम होतं — भिवाकाका, तो सदाच होता. चार शब्द. माणूस निदान माणसासारखा, भिंतीकडून तोंड वळवून मेला असता. ते शब्द ओठांपर्यंत आले, खरंच आले.

मी नारळ मागून घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. 'बा देवा रवळनाथा, ह्या तुझ्या लेकराच्या वाटेर जो कोण आडो-उभो रवलो आसात, तेका तुझ्या हद्दीभायर घाल रे म्हाराजा!' गाऱ्हाण्याला जमलेल्या माणसांनी होकार द्यायचा असतो. तिथे माणसं नव्हती. तेव्हा भिवाकाकाच, होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून, प्रत्येक ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणत गेला.

संपल्यावर त्याने हात जोडले. देवाची दिशा दुसरीकडे होती. त्याने ते मला जोडले, आणि मी त्याचा नमस्कार घेतला.